अकरा व्यंगचित्रे, मास्तरांची सही आणि चारची उदगीर–नांदेड गाडी

शेवटचा पेपर देऊन घरी आले आणि जेवताना जाहीर केले, "रविवारी मी एकटी मुखेडला जाणार आहे." आईच्या हातातला घास हातातच राहिला. कोपऱ्यावरच्या दुकानात साबण मागायचा झाला तरी मी वाक्य मनात दोनदा जुळवून घेते, हे तिला चांगले ठाऊक आहे.

कारण सांगते. जुन्या दिवाळी अंकांतील व्यंगचित्रे जमवणे हा माझा छंद. नांदेडच्या रद्दीवाल्यांकडे पोत्यांमागून पोती उपसताना एका व्यंगचित्रकाराने मला वेड लावले. त्याच्या चित्राखाली छापील अक्षरांत फक्त 'मास्तर' एवढेच असते. त्याची अकरा चित्रे माझ्यापाशी होती आणि त्या अकराही चित्रांवर त्याची खरी, शाईची सही घ्यायची हे माझे स्वप्न होते. तो कोण, कुठला, हयात आहे की नाही, काहीच माहीत नव्हते. मात्र त्यांपैकी तीन अंकांवर मुखेडच्या एका केशकर्तनालयाचा शिक्का होता. एवढा धागा मला पुरेसा वाटला. निघण्याआधी मी अकराही पानांना जाड लॅमिनेशन करून घेतले. आमच्या घरात मौल्यवान कागद म्हणजे लॅमिनेशन केलेला कागद. पहिलीपासूनच्या माझ्या सर्व गुणपत्रिका त्याच थाटात कपाटात विराजमान आहेत.

सकाळी सहाची गाडी. एसटीत बायकांना अर्धे तिकीट असल्याने असा प्रवास चहा-नाश्त्यासह तीनशे रुपयांत सहज होतो. मे महिन्यात निघालात तर पाण्याच्या दोन बाटल्या घ्या आणि खिडकी सावलीच्या बाजूची धरा. मुखेडच्या स्थानकाबाहेर चुरमुऱ्यांची गरम सुशीला मिळाली. वर शेव, लिंबू आणि तळलेली मिरची. मी दोन बश्या खाल्ल्या, कारण पुढचे काम धैर्याचे होते.

केशकर्तनालयासमोरून मी तीनदा गेले. चौथ्या फेरीला आतूनच हाक आली.

"ओ ताई, पार्लर पलीकडं हाय. इथं गडी मानसांचंच होतं."

खुर्चीत एक गृहस्थ अर्ध्या गालाची दाढी करून बसले होते. मी शिक्क्याचे पान पुढे केले. कारागीर मामांनी वस्तरा खाली ठेवला.

"आरं, हे तर मास्तरांचं! इथंच बाकावर बसून काढायचे की. शाळा सुटली की यायचे, बसायचे, अन् गिऱ्हाइकाचं तोंड कागदावर उतरवायचे."

"माजं नाक काढल्यालं त्यांनी," अर्ध्या दाढीचे गृहस्थ म्हणाले. "लई मोठं काढलं. दोन वर्सं बोललो न्हाई मी."

"नाक हायेच मोठं."

"तू दाढी कर गपगुमान!"

मला हसू आवरेना. मास्तर मुखेडच्या शाळेत चित्रकला शिकवत होते आणि निवृत्तीनंतर उदगीरला राहायला गेले, एवढे कळले. म्हणजे हयात होते! पत्ताही मिळाला: किल्ल्याकडे जाणारा रस्ता, तेलाच्या घाण्याशेजारचे निळ्या दाराचे घर. जळकोटमार्गे जाणाऱ्या गाडीत मी जागेवर बसले होते असे म्हणायचे. खरे तर तरंगत होते.

निळे दार एका आजींनी उघडले. "बर्री, बर्री, आत या," असे कानडी-मराठी स्वागत झाले आणि मी कोण हे विचारण्याआधीच पुढ्यात कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही आले. मग पांढऱ्या बंडीतले उंच, किडकिडीत मास्तर बाहेर आले. मी पाठ केलेले वाक्य सुरू केले, "गुरुजी, मी आपली नम्र वाचक..." आणि पुढचे सगळे विसरले. फाइल उघडून तशीच त्यांच्या मांडीवर ठेवली.

ते एकेक चित्र पाहू लागले. अकरावे झाल्यावर पुन्हा पहिले वर घेतले. "माज्याजवळ एकबी न्हाई यातलं," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी शाईचे पेन काढले, झोकात टेकवले आणि ते सर्रकन घसरून त्यांच्या धोतरावर गेले.

"पोरी, काय केलंस हे? मार्कशीट हाय का माजं चित्र म्हंजे?"

"सुरक्षित राहावे म्हणून, गुरुजी."

"शिकलेली दिसतीस," आजी म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

बॉलपेन चालले नाही. आजींनी कात्री आणली, पण प्लॅस्टिक छपाईला असे चिकटले होते की ओढले असते तर चित्रच निघून आले असते. पक्क्या शाईचा मार्कर आणावा तर दुकाने दुपारची बंद, आणि माझी परतीची गाडी चारची. मी वही पुढे केली. मास्तरांनी ती मिटून परत दिली. "चित्राबिगर सही बँकेत करत्यात."

शेवटी सुटीला आलेल्या नातीचा फळ्यावरचा निळा मार्कर सापडला. मास्तरांनी अकरा वेळा, वळणदार, लफ्फेदार सही केली. "बोट लावू नको हां. फळ्यावरचं हाय, पुसतं. फाइलीत घातलंस तरी जाईल."

म्हणून मी गाडीत अकरा चित्रे मांडीवर आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर पसरली आणि श्वास रोखून बसले. नांदेडपर्यंतच सांभाळायचे होते. जळकोटला गाडी गच्च भरली.

"काय गं, पापड वाळवाय लागलीस का?" डोक्यावर गाठोडे घेतलेल्या एका मावशी विचारत्या झाल्या. मी घाईने जागा केली. त्यांची नजर वरच्या चित्रावर गेली: एसटी लागली आहे, लोक जागा धरायला खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या टाकताहेत आणि एकाने सासऱ्यालाच आत टाकले आहे.

"खाली काय लिवलंय? चष्मा न्हाई माजा. वाच की."

मी पुटपुटले.

"मोठ्यानं वाच, ताप आलाय का तुला?"

"वाहक विचारतो," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला परका वाटला, "हा म्हातारा कुणाचा? जावई म्हणतो: राहू द्या, जागा माझी आहे."

मावशी अशा खदखदल्या की पुढच्या बाकावरचे दोघे वळले. "बगू, बगू!" मावशींनी चित्र उचलले. घामेजलेला अंगठा थेट सहीवर. 'हात लावू नका' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. चित्र तिसऱ्या बाकावर गेले, तिथून हशा आला, आणि मी ते शब्द गिळले. लाजेने नव्हे. पुढचे चित्र मी स्वतःच उचलून दिले.

त्यात हातपंपाचे उद्घाटन होते: हंडा कोरडा, मात्र भाषण करणाऱ्या पुढाऱ्याच्या डोळ्यांतून धो धो पाणी. "हे आमच्या गावचंच हाय," मागून कोणी ओरडले. "न्हाई, आमच्या!" दुसरा. वाहकांनी एसटीचे चित्र चालकाला नेऊन दाखवले. "सायेब, ह्यो सासरा तुमचाच दिसतो," असे ते म्हणाले आणि गाडी चक्क हळू झाली. प्रत्येक चित्राखालची ओळ मला उभे राहून वाचावी लागली. काही दोनदा. मागचे बाक "ऐकू येईना, ताई!" म्हणून ओरडत होते.

मुखेडला उतरताना मावशींनी आपला निळा अंगठा पाहिला. "मतदान झालं की गं माजं," त्या म्हणाल्या.

दिवेलागणीला नांदेडला उतरले तेव्हा अकराही चित्रे माझ्या हातात परत होती. मोजून घेतली. नऊ कागदांवरची सही साफ गेली होती, दोनवर 'मा' तेवढा उरला होता.

घरी पोहोचताच आईने विचारले, "भेटले का? झाल्या का सह्या?"

मी हो म्हणायला तोंड उघडले, पण आवाजच फुटेना. बोलून बोलून माझा घसा बसला होता. आमच्या घरी हे प्रथमच घडत होते. आईने आधी मिठाचे कोमट पाणी दिले, मग माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आता हळूहळू, सगळं सांग."