घराकडे पाठ करून

कुणाच्याही अंगणात गाडीतून उतरले की ते आधी घराकडे पाठ करायचे. आपण कौतुकानं घर दाखवायला बाहेर आलेलो असायचो, आणि हा उंच, किंचित वाकलेला माणूस कमरेवर हात ठेवून उताराकडे, झाडीकडे, रस्त्यापलीकडे काहीतरी शोधत उभा असायचा. मग सावकाश वळून म्हणायचे, "घर छान आहे. पाणी कुठे आहे?"

गावात सगळे त्यांना चीफ म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. पोटासाठी ते बोअर मारायचे. उरलेला वेळ गावाच्या अग्निशमन दलाचा; ते त्याचे प्रमुख होते. त्या दलात कुणालाच पगार नव्हता, चीफनाही नाही. दोन बंब, एक टँकर आणि पंचवीसेक माणसं: पोस्टातली बाई, न्हावी, प्लंबर, शाळेच्या बसचा मेकॅनिक. प्रत्येकाच्या कमरेला पेजर. तो वाजला की हातातलं काम जिथे असेल तिथे थांबायचं. मी स्वतः न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धं डोकं भादरलेल्या अवस्थेत, पाऊण तास बसलेलो आहे. तो परत आला तेव्हा त्याच्या अंगाला धुराचा वास येत होता. "सॉरी, कुठवर आलो होतो आपण?" एवढंच म्हणून त्यानं कात्री उचलली.

तुम्ही इकडच्या श्रूजबरीसारख्या शहरवजा गावात राहिला असाल तर रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर उभे असलेले जाड, बुटके नळ पाहिले असतील. बंब आला की पाइप जोडायचा, पाणी सुरू. आम्हीही आधी तिथेच राहायचो. २००३ साली पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर, डोंगरातल्या या खेड्यात घर घेतलं. इथे तसले नळ नव्हते. बंबात भरलेलं पाणी काही मिनिटांत संपतं. पुढचं पाणी एखाद्या ओढ्यातून, नाहीतर तळ्यातून ओढून आणायचं. चीफ घराकडे पाठ का करतात ते मला इथे राहायला लागल्यावर कळलं. गावातलं प्रत्येक घर पाण्यापासून किती लांब आहे, हे त्यांना पाठ होतं.

आमची पहिली भेट मिरचीमुळे झाली. घरात येऊन आठवडा झाला होता. माझ्या बायकोनं, वैशालीनं, ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या आणि धुराचा अलार्म बोंबलायला लागला. तो बंद कसा करायचा ते आम्हाला कळेना. घाबरून तिनं आणीबाणीचा ९११ नंबर फिरवला. थोड्याच वेळात बंब दारात. उतरलेल्यांपैकी एकाच्या अर्ध्या गालाला शेव्हिंगचा फेस तसाच होता. चीफ स्वयंपाकघरात शिरले, ठसका लागून बाहेर आले, डोळे पुसून पुन्हा शिरले.

"ही आग नाही," ते म्हणाले. "पण तिची जवळची नातेवाईक दिसते."

वैशाली शरमेनं अर्धी झाली. "तुम्हा सगळ्यांना उगीच त्रास दिला."

"काही झालेलं नसताना येतो तो कॉल आम्हाला सगळ्यात आवडतो. लाजून फोन न करणाऱ्यांकडेच आम्ही उशिरा पोचतो."

तिनं दिलेलं पाणी त्यांनी उभ्याउभ्या संपवलं आणि ते मागच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, गेले. आमच्या घरामागे तळं होतं. खरं सांगायचं तर घर घेतलं ते तळ्यासाठीच. सकाळी त्यावर धुकं उतरायचं, शरदात पलीकडची झाडं त्यात लालभडक दिसायची. मी फोटो काढून पुण्याला आईबाबांना पाठवायचो. बाबा ते सोसायटीतल्या लोकांना दाखवायचे. चीफ त्या तळ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

दुसऱ्याच आठवड्यात ते एक कागद घेऊन आले. तळ्यात कायमचा पाइप टाकायचा, त्याचं तोंड काठावर ठेवायचं. वरती कितीही बर्फ गोठलं तरी खाली पाणी असतंच. बंब आला की दोन मिनिटांत ओढायला सुरुवात. बंब उभा राहायला काठाशी खडीची पट्टी. सगळं काम दलाची माणसं करणार. माझी फक्त सही.

"या रस्त्यावरची अकरा घरं आणि डोरिसचा गोठा," ते म्हणाले. "सगळ्यांचं पाणी तुझ्या मागच्या दारी आहे, शेखर."

डोरिस आमची शेजारीण. सत्तरी ओलांडलेली. नवरा गेल्यावर तेरा गाई एकटीनं सांभाळत होती.

मी सही केली नाही.

आम्ही तेव्हा व्हिसावर होतो, ग्रीन कार्डाची फाइल कुठेतरी रांगेत पडलेली. माझा नागपूरचा मित्र मिलिंद फोनवर म्हणाला, "अरे यार, कार्ड हातात येईपर्यंत कुठल्याही सरकारी कागदावर सही करायची नाही. उद्या कुणाचं पोर पडलं तळ्यात तर?" मी चीफना तेच सांगितलं. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "तुझ्या कागदपत्रांना धक्का लागेल असं काही नको. घे वेळ."

पुढच्या वसंतात ते पुन्हा आले. तोवर मी ऑफिसच्या वकीलबाईंना विचारलं होतं. त्या हसल्या होत्या. या सहीचा आणि ग्रीन कार्डाचा काडीचाही संबंध नाही म्हणाल्या होत्या. तरी मी चीफना पुन्हा तेच कारण दिलं. खरं कारण असं की डेकसमोर मला खडी आणि लाल टोपणाचा पाइप नको होता. तो फोटोत आला असता. हे एवढं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली आहेत.

चीफ पुन्हा म्हणाले, "घे वेळ." या वेळी कागद ते माझ्याकडेच ठेवून गेले.

त्याच वर्षी एकदा ऑफिसातून परतताना मी गाड्यांच्या रांगेत अडकलो. पुढे एक गाडी उलटली होती. चीफ ओल्या डांबरावर पालथे पडले होते, फुटलेल्या खिडकीतून दोन्ही हात आत घालून. आतल्या माणसाची मान हलू नये म्हणून त्यांनी त्याचं डोकं धरून ठेवलं होतं, आणि ते सारखे बोलत होते. पत्रा कापून त्याला बाहेर काढेपर्यंत अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला. पावसात त्यांची टोपी बाजूला वाहून गेली. नंतर पोस्टात भेटले तेव्हा मी विचारलं, "काय बोलत होता एवढं?"

"मासे कसे पकडायचे ते. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, ते बरं झालं. प्रश्न विचारत राहिला."

अशा माणसाला मी दोनदा खोटं सांगून परत पाठवलं होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी, मला डेकवरून डोरिसच्या गोठ्यातून धूर येताना दिसला. डोरिसनं फोन केलाच होता; मी धावत पोचलो तेव्हा चीफ त्यांच्या पिकअपमधून उतरून अंगात जाड कोट चढवत होते. पाठोपाठ बंब आला. त्यातलं पाणी वाफ होऊन गेलं म्हणावं इतक्या लवकर संपलं. टँकर तीन मैलांवरच्या पुलाकडे गेला. तिथे नदीवरचं बर्फ फोडून पाणी भरायचं होतं. माझं तळं गोठ्यासमोरून दिसत होतं. पण कमरेएवढं बर्फ, उतार, आणि काठाशी खडी नाही. बंब तिथवर जाऊच शकत नव्हता.

चीफनी तळ्याकडे एकदाच पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मग ते गोठ्यात शिरले.

गाई आगीतून आपण होऊन पळत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. त्यांना गोठाच सुरक्षित वाटतो. बाहेर काढली तरी गाय परत आत घुसू बघते. चीफनी आधी सगळ्यात म्हातारी गाय बाहेर आणली आणि तिचं दावं माझ्या हातात दिलं. "हिला सोडू नकोस. ही इथे उभी राहिली तर बाकीच्या राहतील." मी जन्मात गाईचं दावं धरलेलं नव्हतं. ते पुन्हा आत गेले. एकेक गाय घेऊन धुरातून बाहेर यायचे, खोकायचे, आणि वळायचे. कुणी थांबा म्हटलं तर हात हलवायचे. मी मोजत नव्हतो. डोरिस मोजत होती. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. नऊपर्यंत ती आली. नवव्या गाईनं बिथरून त्यांना दारातल्या खांबावर दाबलं. गाय बाहेर आली, आणि ते बर्फात बसले ते बसलेच. उजवा हात लोंबत होता. पाणी घेऊन टँकर आला तोवर छप्पर कोसळलं होतं. त्यांनी डाव्या हातानं रेडिओ धरला आणि तिथे बसूनच पुढचं सगळं काम करून घेतलं.

चार गाई आत राहिल्या.

दोन आठवड्यांनी मी सही केलेला कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. हात गळ्यात अडकवलेला. डाव्या हातानं त्यांनी कागद घेतला, वाचला. "जमीन गोठलेली आहे. एप्रिलमध्ये येतो."

मी विचारलं, "पाइप असता तर गोठा वाचला असता?"

ते विचार करत राहिले. माझ्या जागी असता तर तुम्हीही मनात म्हणाला असता, नाही म्हणा, कृपा करून नाही म्हणा.

"गोठा नाही," ते म्हणाले. "वरती सुकं गवत भरलेलं होतं, तो जाणारच होता. गाई वाचल्या असत्या. चारच्या चार नाही. दोन, कदाचित तीन."

"आणि तुमचा खांदा?"

"आत जायचं मी ठरवलं. खांदा तुझ्या खात्यावर लावू नकोस."

माझं मन राखायला त्यांनी एक गाय कमी केली नाही, आणि मला टोचायला एक वाढवलीही नाही. इतका काटेकोर खरेपणा मी आधी कुणात पाहिला नव्हता, नंतरही नाही. मग मला राहवेना. वकीलबाई, डेक, फोटो, सगळं मी सांगून टाकलं. ऐकून त्यांनी मान हलवली. "दृश्य चांगलंच आहे ते," ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात.

"डोरिसला सांगू?"

"सांग. पण तिला तुझी समजूत काढायला लावू नकोस. ते जमेल असं वाटेल तेव्हा जा."

एप्रिलमध्ये दल आलं. पोस्टातली बाई आणि न्हावी छातीपर्यंतच्या रबरी पँटी घालून तळ्यात उतरले. चीफ एका उलट्या बादलीवर बसून सूचना देत होते. वैशालीनं पोहे केले, मुद्दाम बिनमिरचीचे. "त्या दिवशीचं ते यात नाही का?" चीफनी विचारलं. मग तिनं ठेचा आणून दिला. ते ठसकत खात राहिले. पाइप बसला, खडी पडली. पुण्याला पाठवलेल्या पुढच्या फोटोत तो दिसत होता. बाबांनी विचारलं, मी काय आहे ते सांगितलं. आधी का नव्हता, ते नाही सांगितलं.

डोरिसकडे जाणं मात्र मला जमेना. बाजारात भेटायची, हात करायची. दर वेळी ओठांवर यायचं, आणि दर वेळी कळायचं की मला सांगायचं नाहीये, तिच्याकडून "असू दे" ऐकायचंय. तीन वर्षं अशीच गेली.

चीफचा खांदा धड बरा झालाच नाही. त्या हातानं बोअरची अवजारं पेलेनात. २००८च्या ऑक्टोबरमध्ये यंत्र विकून ते मुलीकडे, दक्षिणेत कॅरोलायनाला राहायला निघाले. बंब बाहेर काढून दलाच्या स्टेशनातच निरोपाच्या जेवणाची टेबलं मांडली होती. सगळं गाव जेवायला. डोरिस माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. तिनं उरलेल्या गाई आग लागली त्याच वर्षी विकल्या होत्या.

मी दोन वाक्यांत सांगितलं. तळ्यात पाइप टाकायला चीफ आगीआधी दोनदा माझ्याकडे आले होते. मी खोटं कारण सांगून सही केली नाही.

ती समोर बघत होती. "माहीत आहे," ती म्हणाली. "आग लागली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्याला हॉस्पिटलात विचारलं, एवढं तळं समोर असताना पाणी पुलावरून का आणलंस? म्हणाला, पाइप टाकायचा राहिला होता. मी म्हटलं, कुणामुळे? म्हणाला, माझ्यामुळे. दोनदा गेलो, तिसऱ्यांदा जायला हवं होतं." तिनं काटा खाली ठेवला. "दोनदा गेला म्हणजे कुणाकडे तरी गेला. तळं एकच आहे."

माझ्या तोंडात सॉरी आलं होतं, आणि त्यामागे आणखी बरंच काही. ते मी गिळलं.

"त्या चौघींची नावं माहीत आहेत तुला?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं सांगितली. मेबल, जून, क्लोव्हर, रूबी. एकेकीबद्दल थोडं थोडं बोलली. क्लोव्हरला रेडिओ लागायचा, त्याशिवाय दूध द्यायची नाही. रूबी दाराचा अडसर जिभेनं उघडायची. मी ऐकत राहिलो. तिनं "असू दे" म्हटलं नाही, आणि मला ते हवंसंही वाटलं नाही.

जेवणं झाली, लोक पांगायला लागले. पलीकडे चीफ उठले आणि खुर्चीच्या पाठीवरचा कोट डाव्या हातानं उचलून चाचपडायला लागले. आजूबाजूला सगळे बोलण्यात होते. मी उठलो आणि मागून कोट धरला, नेहमी धरतात तसा, खांद्याच्या उंचीवर.

"खाली," ते म्हणाले. "उजवा आधी."

मी वाकलो. बाही त्यांच्या कमरेजवळ आणून उघडी धरली, आणि त्यांचा हात हळूहळू आत यायची वाट बघत राहिलो.