फ्लायव्हील आणि सुप्रभाचा डावा हात

पन्नाशी उलटलेली बाई मोटरसायकलवरून कामाला जाते याचं मँचेस्टरमध्ये कुणालाही काही वाटत नाही; वाटतं ते आपल्या मराठी मंडळींना. सुप्रभा केळशीकर मात्र त्यांना भीक घालत नसे. हॉस्पिटलात पेशंटांचे एक्स-रे काढायच्या नोकरीवर ती आपल्या जुन्या, एका सिलिंडरच्या गाडीवरून जाई. निघण्याची तिची रीतही स्वतःचीच होती. रेस द्यायची नाही, नुसता क्लच हळूहळू सोडायचा, की गाडी धकधक करत आपली आपण चालू लागे. सिग्नलला, चढावर, कुठेही.

दसऱ्यानंतर भलतंच होऊ लागलं. क्लच सोडला की इंजिन फट्‌कन बंद. रेस दिली तर आवाज एकदम चढे, सोडली की तितक्याच घाईने उतरे. मागचे हॉर्न वाजवत आणि सुप्रभा कानकोंडी होई.

दोष गाडीत असणं शक्य नव्हतं. पूजेआधी तिच्या नवऱ्याने, नकुलने, ती मुद्दाम सर्व्हिसिंग करून आणली होती. मग दोष हातात? तिच्या आईचा कंपवात असाच डाव्या हातापासून सुरू झाला होता. पण कामावर हात स्थिर असे, घरी भाकरी नीट थापली जाई, आणि क्लच धरला की सगळा घोटाळा. तिला काही म्हणता काही कळेना. भीतीने तिची झोप उडाली.

शेवटी एकदा जेवताना ती म्हणाली, "मी बाइक विकतेय."

नकुलचा घास हातातच राहिला. "अगं, का? एवढी मस्त करून घेतली मी! फ्लायव्हील लाइट केलं. इंजिनमधलं ते जड चाक गं, त्याचं वजन कमी केलं की पिकअप इन्स्टंट येतो. दसऱ्याचं सरप्राइज! मी वाट बघत होतो, तुझ्या लक्षात कधी येतंय."

"त्या वजनाच्या जोरावरच तर ती स्लो चालायची, शहाण्या! आता रेस न देता निघाले की बंदच पडणार ना!"

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. सुप्रभाला हसावं की रडावं समजेना. जीव भांड्यात पडला होता, आणि समोरची आमटी नवऱ्याच्या डोक्यावर ओतावीशीही वाटत होती.

"मंगळवारी जीपीकडे, आपल्या डॉक्टरांकडे, जायचंय मला," ती म्हणाली. "मला वाटलं, आईचं दुखणं मला लागलं."

नकुल तिच्याकडे बघतच राहिला. "आणि हे मला सांगितलं नाहीस?"

"तू सांगितलंस?"