रेघेतली फट

युफेमियाचा सारा जन्म माती मळण्यात गेला होता. कड्यावरच्या त्या गावात तिच्या मडक्यांना तोड नव्हती. आता डोळे अधू झाले, म्हणून मडकं ती घडवायची आणि युकाच्या झुडपाचं पान चावून केलेला कुंचला घेऊन लेक लोरेटा ते रंगवायची. मडक्याच्या गळ्याभोवतीची रेघ मात्र दोघींनी कधी पुरी जुळवली नाही. बोटभर फट सोडायचीच. रंगवणारीचा जीव त्या वाटेने मोकळा राहतो, हे तिथे पोरीबाळींनाही ठाऊक असतं.

लोरेटाचे दिवस भरत आले होते. एका सकाळी तिने कालचं मडकं उचललं आणि ओरडली, "आई! फट कुणी बुजवली?"

"मी नाही गं बाई. मला तुझं नाक धड दिसत नाही, रेघ कुठली जुळवते!"

लोरेटा हसली. तिने रंग खरवडून फट पुन्हा मोकळी केली. दोघी अंगणात मक्याच्या पोळ्या खाऊन परतल्या, तर रेघ जुळलेली. रंग ओला होता आणि घरात तिसरं माणूस नव्हतं.

युफेमियाने मडकं डोळ्यांशी नेलं. डावखुऱ्या हाताची, शेवटाला किंचित वर गेलेली ती रेघ तिने लगेच ओळखली. तो हात मार्सेलिनाचा होता. तिची थोरली बहीण. बाळंतपणात अडली आणि मूल पोटात असतानाच गेली, त्याला आता जमाना झाला होता.

जुनी खापरं कुटून नव्या मातीत मिसळायची, ही तिथली रीतच. त्याशिवाय मडकं भट्टीत टिकत नाही. पण अडून मेलेल्या बाईच्या मडक्याचं खापर कुणी घेत नाही. युफेमियाने मार्सेलिनाचं खापर या मडक्याच्या मातीत घातलं होतं, लपूनछपून, बहिणीची आठवण अनावर झाली म्हणून. ती कुठेतरी बरोबर असावी, एवढाच तिचा लोभ.

तेवढ्यात लोरेटा पोट धरून खाली बसली. दाई आली. दुपार उलटली तरी बाळ जागचं हलेना.

"कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं करतंय बाई," दाई घाम पुसत म्हणाली.

युफेमिया मडकं घेऊन मागच्या दारी गेली. दिवसभर ऊन होतं, तरी रेघेवरचा रंग वाळला नव्हता.

"ताई, हे बाळ तुझं नाही," ती म्हणाली. "तुझं तुझ्याबरोबर गेलं. सोड त्याला."

रंग तसाच ओला. मग तिने ते कच्चं मडकं पाण्याच्या बादलीत बुडवलं आणि दाबून धरलं. बुडबुडे आले. माती मऊ होता होता तिच्या बोटांभोवती आवळली. लहानपणी कड्याच्या पायऱ्या उतरताना ताई असाच हात धरायची. युफेमियाला हात ओढून घ्यावासा वाटेना, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"जा," ती रडत म्हणाली. "जा गं आता."

पकड सुटली. आत बाळाने टाहो फोडला.

"अगं आजीबाई, मुलगी झाली!" दाईने हाक मारली. "हात धू आणि ये लवकर!"

"आले," युफेमिया म्हणाली. कोपरापर्यंत तिला बहीण माखली होती. पाणी शेजारीच होतं, आणि तिला हात धुववत नव्हते.