आलेखातली पायरी

उंदराच्या मूत्रपिंडात अ‍ॅड्रेनॅलिन ओळखणारे ग्राही दोन जातींचे असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. मोजता येईल असं खुणेचं औषध दोन्ही जातींना चिकटतं. मग दुसरं औषध थोडं थोडं वाढवत नेलं, की खुणेचं औषध एका जातीवरून आधी हटतं, दुसरीवरून उशिरा. तेवढ्यावरूनच त्या वेगळ्या ओळखायच्या.

माझे आकडे दोनदा विस्कटले. मूत्रपिंडाचं ऊतक एका वेळेपुरतंच उरलं होतं, आणि माझा प्रकल्प त्यावरच अवलंबून होता. तिसऱ्यांदा, न चिकटलेलं औषध काढून टाकायला गाळणकागद धुणार, तोच शेजारच्या टेबलावरच्या सीनियर वैशालीताईंनी माझा हात धरला.

“अगं, द्रावण बर्फात नाही ठेवलंस? कोमट द्रावणानं चिकटलेलं औषधही सुटतं!”

“मला वाटलं, स्वच्छ धुतलं की झालं.”

“भांडी घासतेयस का?” त्या हसल्या. “थांब, बर्फ आणते. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं.”

या वेळी आलेखातली रेषा उतरली, मध्येच थबकली आणि पुन्हा उतरली. दोन जाती वेगळ्या दाखवणाऱ्या त्या पायरीकडे मी बराच वेळ बघत बसले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. इथे आपण टिकणार नाही, असं मला सारखं वाटतं. पण टिकणं फक्त आपल्या पकडीवर नसावं. नवी पकड सुटू नये म्हणून जपणारं कुणी जवळ असावं लागत असेल.

“ताई, बरोबर आहे ना हे?”

“मला काय विचारतेस? उद्या सरांना तूच समजावून सांग.”

नाही म्हणणार होते. मग आलेख हातात घेतला आणि हळू आवाजात पहिलं वाक्य म्हणून पाहिलं.