दोन-चारच्या बांगड्या

मी दिलावर टेलर. केडगावात पुणे रोडला माझं दुकान आहे, पाटीवर 'जेंट्स स्पेशालिस्ट' लिहिलंय. गिऱ्हाईक पायरी चढतंय तोवर मी त्याची कंबर सांगतो. टेप लावायची ती फक्त समोरच्याची खात्री पटावी म्हणून. एमआयडीसीतले कामगार, मास्तर, लग्नातले नवरदेव, सगळ्यांची मापं माझ्या डोक्यात असतात. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

तर असा हा मापाचा बादशहा गेल्या डिसेंबरात दुबईला जाऊन आला. काय करून आला ते ऐका.

माझा मुलगा फराज तिकडं एसी दुरुस्त करतो. त्यानं दोन तिकिटं काढतो म्हणून सांगितलं, तर माझी बायको मुबारक म्हणाली, "शेळ्या कोन बगनार? तुमीच जाऊन या." मग मी एकटाच निघालो. निघायच्या आधी अख्ख्या केडगावाला सांगून झालं की येताना मुबारकसाठी दुबईचं सोनं आणणार. बायकोला मात्र सांगितलं नाही. म्हणलं, तिला एकदम चकित करू. आता अख्ख्या केडगावाला माहीत असलेली गोष्ट बायकोला माहीत नसंल, असं समजणाराही मीच.

त्या सोन्यामागं एक जुनी गोष्ट होती. सव्वीस वर्षांपूर्वी दुकान टाकताना मी मुबारकच्या लग्नातल्या दोन बांगड्या विकल्या होत्या. फराज तेव्हा रांगत होता. तिनं हातातून काढून ट्रंकेवर ठेवल्या, मी रुमालात बांधल्या आणि सायकलवर टांग मारून नगरच्या सराफ बाजारात गेलो. ती म्हणाली होती, "मी येऊ का?" मी म्हणलं, "बायकांचं काय काम तिथं?" वर्षभरात परत करून देतो, असंही छातीठोकपणे सांगितलं. मग मशीन आलं, मग आमच्या मुलीचं, इन्शाचं लग्न आलं, मग फराजचं दुबई आलं. मी विषय काढला की ती म्हणायची, "मला काय करायच्यात? कुठं जायचंय मला घालून?" आणि मला लगेच हायसं वाटायचं. खोटं कशाला बोलू, लई हायसं वाटायचं.

सराफानं त्या दिवशी बांगड्या मापाच्या दांडीवर चढवल्या आणि म्हणाला होता, "दोन-चार. नाजूक हात आहे." बांगडीचं माप असंच बोलतात, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. तो आकडा माझ्या डोक्यात पक्का बसला. मापाचा बादशहा ना मी!

दुबईत पहिल्याच दिवशी फराजनं माझी बॅग रिकामी केली. बाजूच्या कप्प्यातून कागदात गुंडाळलेली एक हिरवी प्लॅस्टिकची बांगडी निघाली. खोलीतली पोरं हसायला लागली. मी म्हणलं, "तमन्नाची असंल. ती पोरगी काहीही कुठंही कोंबते." तमन्ना म्हणजे इन्शाची मुलगी, चार वर्षांची. बांगडी परत कप्प्यात टाकली आणि चेन लावली.

सोन्याच्या बाजारात मी गळ्यात टेप अडकवूनच गेलो. मुद्दाम नाही, सवय. तीस वर्षं सकाळी सदरा घातला की टेप गळ्यात जाते. फराजला लाज वाटली, पण बापाला काय बोलणार? त्या झगमगाटात एका पाकिस्तानी माणसानं मला थांबवून पॅन्ट आखूड करायचे किती घेता, विचारलं. मला इतकं बरं वाटलं की मी भाव सांगूनसुद्धा टाकला. फराजनं हाताला धरून ओढत नेलं.

दुकानात केरळचा सेल्समन होता. बांगड्या पसंत पडल्या, वर बारीक जाळी कोरलेली. त्यानं हिंदीत माप विचारलं. फराज म्हणाला, "अब्बा, अम्मीला व्हिडिओ कॉल लावू का?"

"कशाला? सगळी मजा घालवशील."

"पण माप?"

"कुणाला विचारतोयस तू माप? दिलावर टेलरला?" मी सेल्समनकडं वळून रुबाबात सांगितलं, "टू-फोर."

सेल्समननं मालाचं कौतुक केलं, मला वाटलं माझंच चाललंय. त्याच दिवशी मुबारकचा व्हिडिओ कॉल आला होता. ती चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, दोन्ही हात थेट कॅमेऱ्यासमोर. आणि मी मोबाईल फिरवून तिला इमारती दाखवत बसलो.

मुंबईला उतरल्यावर कस्टमवाल्यांना मी आपणहून बांगड्या दाखवल्या आणि कर भरला. पावती हातात आल्यावर कळलं, नगरात घेतल्या असत्या तरी तेवढ्यालाच पडल्या असत्या. पण नगरच्या सोन्याला 'दुबईचं सोनं' कसं म्हणणार?

घरी पोचलो तर शेजारच्या गोजरबाई आधीच येऊन बसलेल्या. "दिलावरभाऊ, दावा की आमाला बी. गावभर सांगत हुता." मी डबी उघडली. मुबारकनं पदराला हात पुसले आणि उजवा हात पुढं केला. मी बांगडी चढवायला गेलो.

बांगडी अंगठ्याच्या मुळाशी येऊन अडकली.

"साबण लावा," गोजरबाई म्हणाल्या. साबण लावला. मग खोबरेल लावलं. मग हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून पाहिली, तशी बांगडी सुळकन सरकते म्हणतात. पिशवी फाटली. मुबारकची बोटं लाल झाली. दुखतंय का विचारलं तर म्हणाली, "ढकला अजून थोडं." गोजरबाई चहा न घेताच उठल्या. आजवर असं कधी झालं नव्हतं.

मी तिचा हात हातात घेतला तो बांगडी काढायला. तेव्हा कुठं तो पाहिला. बोटांची पेरं सुजून गाठीगाठी झालेली, अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं. केडगावातल्या एकाही शर्टाला काज मी पाडत नाही, बटण मी लावत नाही, पॅन्टची तुरपाई मी करत नाही. ते सगळं संध्याकाळी घरी येतं आणि मुबारक करते. दोन-चारच्या हाताला सव्वीस वर्षं मी सुई धरायला लावली होती, आणि दुबईत जाऊन दोन-चारच मागून आलो. कपाळ माझं!

मुबारक उठली, बॅगेच्या बाजूच्या कप्प्याची चेन उघडली, ती हिरवी प्लॅस्टिकची बांगडी काढली आणि हातात घातली. सहज गेली.

"ही बसती," ती म्हणाली.

"तू ठेवली होतीस?"

"मग काय शेळ्यांनी ठेवली?"

आता बोला! माणसाची कंबर रस्त्यावरून ओळखणाऱ्याला ती बांगडी चार वर्षांच्या पोरीची आहे की मोठ्या बाईची, एवढंही कळलं नव्हतं. मी उलट तिच्यावरच तापलो. "अगं, मग सांगायचं न्हाई का? तोंडानं सांगायला काय झालं हुतं?"

"सांगितलं असतं तर मागितल्यासारखं झालं असतं," ती म्हणाली आणि शेळ्यांना पाणी दाखवायला गेली.

मी तिथंच बसून राहिलो. 'मला काय करायच्यात' हे ती सव्वीस वर्षं म्हणत होती, आणि मी ते खरं धरत होतो, कारण खरं धरणं मला परवडत होतं. तिला त्या बांगड्या हव्या होत्या. रोज हव्या होत्या. मला स्वतःची इतकी लाज वाटली की गळ्यातली टेप काढून मी खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षानं नगरला गेलो. ज्यांनी बांगड्या विकत घेतल्या होत्या ते सराफ आता नाहीत, त्यांचा मुलगा मच्छिंद्रशेठ गादीवर बसतो. त्यानं डबी उघडून बांगड्या फिरवून पाहिल्या. "वाढवता येतील. कापून मधे तुकडा घालू, जोड दिसणार नाही." मी मान डोलावली. पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाला मीही हेच सांगतो, उसवून मधे पट्टी घालू म्हणून.

"माप आणलंय का?" त्यानं विचारलं.

सवयीनं माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं आणि बाजूला सरकलो. मागं मुबारक उभी होती, नवी ओढणी घेऊन, हातात ती हिरवी बांगडी. "माप न्हाई," मी म्हणलं, "हातच घेऊन आलोय."

मच्छिंद्रशेठ हसला. मुबारक गादीच्या कडेला बसली आणि हात पुढं केला. "दोन-आठ," तो म्हणाला. तिनं दुकानावरून एकदा नजर फिरवली, तराजू, आरसा, भिंतीवरचं घड्याळ, सगळं नीट पाहिलं.

"हेच का ते दुकान?" तिनं मला हळूच विचारलं.

"व्हय."

"तवा बी आनायचं हुतं मला," ती म्हणाली. "निदान माझ्या हातानं दिल्या असत्या."

तिची पिशवी तेवढी माझ्या हातात घेतली.