रिकामी थाळी आणि नसलेली थाळी

मंगरूळपीरच्या उस्मानभाई गादीवाल्यांच्या दुकानात खाली मशीनवर कापूस पिंजला जायचा आणि वर माळ्यावर वेबसाइटचे पत्ते. पत्ते पिंजणारा त्यांचा धाकटा, परवेज. कॉम्प्युटरच्या 'सी' भाषेत त्यानं एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनाही आपल्या प्रोग्रामात जोडता येईल असा तयार कोड, लिहिली होती. पत्ता दिला, की ती त्याचे तुकडे करून मसाल्याच्या डब्यासारखे खान्याखान्यांत ठेवी. साइटचं नाव एकात, आतली वाट दुसऱ्यात, प्रश्नचिन्हापुढचा मजकूर तिसऱ्यात. जगात कुणीही वापरा, फुकट.

"पोरगं फुकट वाटून राह्यलं," उस्मानभाई खोकत म्हणायचे. "मी तुमाले गादी फुकट भरून देऊ काय?"

आम्हा शेजाऱ्यांची ना नव्हती.

परवेजचा हट्ट एकच. पत्त्याच्या शेवटी नुसतंच प्रश्नचिन्ह असलं, तर खाना आहे, पण रिकामा. प्रश्नचिन्हच नसलं, तर खानाच नाही. हे दोन्ही वेगळं ठेवायचं. नाहीतर तुकडे परत जोडताना पत्ता बदलतो. माझ्या डोक्यात काही शिरेना. तेव्हा त्यानं जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाकडं बोट दाखवलं. थोरला इमाद कुवेतला गेला तो गेलाच, फोनही बंद. पण त्याची थाळी रोज मांडली जाते.

"पाहा काका, रिकामी हाये. पण हाये ना?"

त्याची आई सरवरीबी उठून आत गेली. मी म्हटलं, "कळलं बाबा, पुरे."

मग पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. लायब्ररी आवडली, नोकरी देतो, फक्त तो रिकाम्या-नसलेल्याचा घोळ काढून टाक. आमची पोरं गोंधळतात. परवेज दोन दिवस जेवला नाही. शेवटी बहीण फरहा म्हणाली, "भाई, तुह्या त्या खान्याचं काय घेऊन बसला? अब्बूची छाती पाह्य. कापसानं भरली हाये. नोकरी धर, मशीन बंद कर त्याईची."

त्यानं नोकरी धरली, घोळ काढला, मशीनवर पोतं टाकलं.

कंपनीच्या पैसे भरायच्या लिंकवर पत्ता अक्षर न् अक्षर तपासला जायचा. तुकडे जोडताना शेवटचं प्रश्नचिन्ह गळालं, आणि गिऱ्हाइकांचे पैसे भरलेच जाईनात. बैठकीत परवेज म्हणाला, "तुम्हीच काढायला सांगितलं होतं." साहेब म्हणाले, "पण नाव तर तुझंच आहे ना त्यावर?" आठवड्यात तो घरी आला. कंपनीनं त्याची जुनी लायब्ररी परत बसवली. ती तर फुकटच होती.

परवा उशा भरून घ्यायला गेलो. पोतं निघालेलं, मशीन चालू, आणि मशीनवर परवेज, भुवयांपर्यंत पांढरा. उस्मानभाई बाहेर खुर्चीवर ऊन खात होते.

"वर नाही जात आता?"

"कायले?" तो म्हणाला. मग जरा हसून, "अब्बूचा खोकला लय कमी झाला काका."

आणि खोकू लागला.