केळीच्या सोपटाने मोजलेला जबडा

जगातली कुठलीही वाकडी वस्तू आमच्या मामेसासऱ्यांच्या नजरेतून सुटलेली नाही आणि सरळ झाल्याशिवाय त्यांच्या हातून निसटलेली नाही. गिरीज गावात त्यांची केळी-नारळाची वाडी आहे, पण नुसती झाडं सरळ करून त्यांची हौस भागत नाही. एव्हरशाईन कॉलनीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये ते शिरतात तेच भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत. रस्त्यात अनोळखी माणसाच्या स्कूटरचा आरसा नीट करून देतात आणि वर त्यालाच मागे बघून चालवण्याचा उपदेश करतात. एका लग्नात तर ऐन मंगलाष्टकांत त्यांनी "थांबा!" अशी आरोळी ठोकली. मुलीच्या बापाच्या छातीत धस्स झालं. मामा तडक स्टेजवर चढले, अंतरपाटाचं डावं टोक चार बोटं वर उचललं आणि भटजींना म्हणाले, "हां, आता म्हणा सावधान." त्या दिवशी पंगतीत मी त्यांना ओळखत नसल्यासारखा जेवलो.

अशा माणसापुढे आमच्या आठ वर्षांच्या इराचा जबडा आला! तिचा वरचा जबडा वाढीत मागे राहिला होता आणि खालचे दात वरच्या दातांच्या पुढे आले होते. दातांच्या डॉक्टरमॅडमनी एक मुखवटा दिला. कपाळाला एक गादी, हनुवटीला एक गादी, दोन्हींना जोडणारी सळई, आणि तोंडात बसवलेल्या पट्टीपासून त्या सळईपर्यंत ताणलेली दोन रबरं. "रोज चौदा तास घालायचा," मॅडम म्हणाल्या. "आत्ता हाड कोवळं आहे, पुढे येईल. ही वर्षं घालवलीत तर मोठेपणी ऑपरेशनची पाळी येईल." इराने तो अर्धा तास घातला, आरशात पाहिलं आणि पलंगाखाली भिरकावला. आठ दिवस आम्ही दटावलं, चॉकलेटं दाखवली, शेवटी हात जोडले. तिची आई रडकुंडीला आली. मी शांत होतो, म्हणजे ऑफिसला जात होतो.

मामांनी मात्र तो मुखवटा हातात घेतला आणि त्यांचे डोळेच चमकले. "अहो जावईबापू, हा तर टेकू! घड भरला की केळीला देतो तसा! वर आधार, खाली आधार, मधे ताण! काय डोकं आहे हो!" एरवी वाडीतल्या माणसांशी घरच्या बोलीत बोलणारे मामा आम्हां फ्लॅटवाल्यांसाठी शाळेतलं मराठी काढतात, पण त्या दिवशी पुढे उत्साहाच्या भरात दोन्हींची खिचडी झाली. त्यांनी मॅडमना दिवसात चार फोन केले, रबरं अडकवायला शिकून घेतलं आणि मे महिन्यासाठी इराला मुखवट्यासकट गिरीजला नेलं.

तिथे त्यांनी माप काढलं, तेही वाडीच्या रीतीने. केळीच्या खोडाचं ताजं सोपट, म्हणजे सालपट, सोललं, ज्याने ते विड्याच्या पानांच्या वेली बांधतात तेच, आणि इराच्या कानाच्या पाळीपासून वरच्या ओठापर्यंत लावून बरोबर तेवढं कापलं. पुढच्या रविवारी तेच सोपट पुन्हा लावलं, तर ते ओठाच्या अलीकडेच संपलं! "आला! जबडा पुढे आला!" मामा नाचतच सुटले. अख्ख्या आळीत घरची, उन्हात सुकवलेली सुकेळी वाटली. इरा आरशासमोरून हलेना. त्यापुढच्या रविवारी सोपट आणखी अपुरं पडलं. आता इरा न सांगता मुखवटा घालू लागली, विहिरीवर, झोपाळ्यावर, शेजारच्या मुलींबरोबर सागरगोट्या खेळतानासुद्धा. आम्ही भेटायला गेलो तर पोरीला आमच्याकडे बघायला वेळ नव्हता.

महिनाअखेरीस आमची वरात दवाखान्यात गेली. मामांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सोपट टेबलावर ठेवलं. मॅडमनी आपल्या मोजपट्टीने दात तपासले, सोपट उलटसुलट करून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "काका, हे सुकून आखडलंय. जबडा आत्ता कुठे हलायला लागलाय." मी मनात म्हटलं, आता मुखवटा पुन्हा पलंगाखाली जाणार! इराने मामांकडे बघितलं, मग मॅडमकडे. "पण हलतोय ना?" तिने विचारलं. मॅडम हो म्हणाल्या. "मग ठीक आहे," असं म्हणून तिने पिशवीतून मुखवटा काढला आणि स्वतःच रबरं अडकवली. मला त्या क्षणी त्या दोघांना उचलून घ्यावंसं वाटलं.

परतताना रिक्षात मी विचारलंच, "मामा, जन्म गेला तुमचा वेली बांधण्यात. सोपट आखडतं हे माहीत नव्हतं?"

"पहिल्या रविवारी खरंच विसरलो," मामा म्हणाले. "दुसऱ्या रविवारी आठवलं. पण पोरगी तोवर आरशात बघून हसली होती. मग कसं सांगू?"

वर्षभराने इराचे वरचे दात खालच्या दातांच्या पुढे येऊन बसले. मॅडमनी तिचा जुना आणि नवा फोटो शेजारीशेजारी दाखवला. दोन्ही एका बाजूने काढलेले. मामा त्या जुन्या फोटोपुढे उगाच रेंगाळले, आणि तेव्हा मी त्यांच्याकडे पहिल्यांदाच बाजूने पाहिलं. तीच हनुवटी, तोच आत गेलेला वरचा ओठ. "आमच्या आईची ही," ते पुटपुटले. "बहिणीकडून पुढे गेली पोरीत." मग एकदम मॅडमकडे वळून त्यांनी विचारलं, "सत्तरीत काही होतं का हो?"

मॅडम खळखळून हसल्या. इराही हसली. मामा हसले नाहीत. उत्तर येईल म्हणून ते थोडा वेळ तसेच उभे राहिले.